अर्धशिशी: ओळखायची कशी, गोळी कधी घ्यायची आणि डॉक्टरकडे काय घेऊन जायचं

सीमाभागातल्या घरांत कुणाचं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं आणि शेवटी उलटी झाली की निदान जागच्या जागी होतं: पित्त खवळलंय. उलटी झाल्यावर बरं वाटतं, त्यामुळे ते निदान आणखी पक्कं होतं. मग पित्ताची गोळी, कोकमाचं सरबत, कपाळाला सुंठीचा लेप. महिनाभरात पुन्हा तेच. अशा वारंवार उठणाऱ्या डोकेदुखीतली बरीचशी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन असते. त्यातली मळमळ आणि उलटी हे डोकेदुखीचं कारण नसतं, ती त्याच झटक्याचा भाग असते. हा आजार दुर्मीळही नाही. निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत केलेल्या पाहणीत वर्षभरात साधारण दर चार प्रौढांमागे एकाला मायग्रेनचा त्रास आढळला. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं.

ज्यांना हे निदान नुकतंच झालंय, किंवा ज्यांना नुसता संशय आहे, त्यांनी एवढं पक्कं धरावं: गोळी लवकर घ्यायची, पुऱ्या मात्रेत घ्यायची आणि महिन्यातले गोळीचे दिवस मोजायचे. बहुतेकांचं बिघडतं ते या तिन्हींपैकी एखादी गोष्ट चुकल्यामुळे.

डोक्यात काय होतं

अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. तो बहुतेक वेळा घराण्यात चालत येतो. आईला किंवा आजीला 'डोक्याचा त्रास' होता का, हे विचारलं की उत्तर मिळतं. चेहऱ्याकडून आणि मेंदूवरच्या आवरणांकडून वेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस असते. झटक्याच्या वेळी ती चाळवते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन बाहेर पडतं. त्यामुळे आवरणांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आजूबाजूचा भाग हुळहुळा होतो. म्हणूनच नाडीच्या प्रत्येक ठोक्याला घण बसतो. वाकलं किंवा जिना चढलं तरी कळ वाढते. काहींना केसांतून कंगवासुद्धा फिरवता येत नाही.

त्याच वेळी पोटाची हालचाल मंदावते. गोळीच्या वेळेचं सगळं गणित इथेच आहे, म्हणून हे लक्षात ठेवावं. झटका अंगात भिनल्यावर गिळलेली गोळी पोटातच पडून राहते आणि रक्तात पोचायला उशीर होतो.

पहिली पायरी: हीच अर्धशिशी आहे का

आधी तीन प्रश्न. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखताना मळमळलं का? उजेड सहन झाला नाही का? डोक्यामुळे एखादा दिवस तरी काम, कॉलेज किंवा स्वयंपाक सोडून पडावं लागलं का? तिन्हींपैकी दोनांचं उत्तर हो असेल तर मायग्रेनची शक्यता बरीच आहे.

डॉक्टरांचे निकष याहून नेमके असतात. असे किमान पाच झटके येऊन गेलेले हवेत. औषध न घेतल्यास प्रत्येक झटका ४ ते ७२ तास टिकतो. एका बाजूला दुखणं, ठणका, काम थांबवण्याइतकी तीव्रता आणि चालण्या-फिरण्याने वाढणं, या चारपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. शिवाय एक तर मळमळ-उलटी, नाही तर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. दोन्ही बाजू दुखत असतील म्हणून मायग्रेन नाही, असं समजू नये. बऱ्याच जणांचं दोन्हीकडे दुखतं. लहान मुलांचं तर बहुधा कपाळभर दुखतं आणि दोन-तीन तासांत थांबतं.

दुखणं सुरू होण्याआधी काही तास, कधी आदल्या दिवसापासूनही सूचना मिळते. सारख्या जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, लघवीला वारंवार जावं लागतं, गोड खावंसं वाटतं. इथे फार जण फसतात. संध्याकाळी कुंदा खाल्ला आणि रात्री डोकं उठलं की दोष कुंद्यावर जातो. पण झटका आतून दुपारीच सुरू झालेला असू शकतो आणि गोडाची ओढ हे त्याचंच पहिलं लक्षण असू शकतं. मानेचंही तसंच. मान आखडली म्हणून मणक्याचा एक्स-रे होतो, गळ्यात पट्टा येतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

असाच घोटाळा सायनसचा. झटक्यात नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, भुवईवर दुखतं, म्हणून लोक वर्षानुवर्षं वाफ घेत बसतात. खऱ्या सायनसच्या जंतुसंसर्गात नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येतो, बहुधा ताप असतो, आणि तो त्रास दर महिन्याला उठून दोन दिवसांत आपोआप जात नाही. चष्म्याचा नंबर आणि बीपी एकदा तपासून घ्यावं. दोन्ही ठीक निघाले तर त्यांचा पिच्छा सोडावा.

प्रकार

सगळ्यांत जास्त आढळतो तो साधा, ऑरा नसलेला मायग्रेन. ऑरा म्हणजे दुखण्याआधीची मेंदूची खूण: नजरेत नागमोडी चकाकती रेघ दिसते, मधलाच भाग पुसल्यासारखा होतो, बोटांपासून ओठांपर्यंत मुंग्या चढत जातात. ही खूण हळूहळू पसरते आणि ५ ते ६० मिनिटांत ओसरते. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विद्युत लाट मिनिटाला काही मिलिमीटर एवढ्या संथपणे सरकत जाते, तिचा हा परिणाम. हळूहळू पसरणं ही महत्त्वाची खूण आहे. लकव्यात हात किंवा तोंड एकदम जातं.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनचे असतील आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर तो जुनाट मायग्रेन. काहींना दुखण्यापेक्षा गरगरणंच जास्त होतं. त्याला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत नेमाने येतो तो पाळीचा मायग्रेन. मुलांमध्ये नुसतं पोट दुखून उलट्या होण्याचाही एक प्रकार आहे.

एकाच डोळ्यामागे असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालतोय आणि पाऊण-एक तासात थांबतंय, असं असेल तर तो क्लस्टर हा वेगळा आजार. त्याचे उपचारही वेगळे आहेत.

घरी थांबायचं नाही, असं कधी

पुढचं काहीही असेल तर मायग्रेन म्हणून गोळी देऊन झोपवू नका. १०८ लावा किंवा गाडी करून मोठ्या रुग्णालयात जा.

- डोकेदुखी मिनिटभरातच टोकाला गेली, आयुष्यात अशी कधी झाली नव्हती
- ताप आणि मान ताठ, किंवा गुंगी, भ्रम, फिट
- हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेली किंवा वाढत गेलेली डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत नव्याने उठलेली डोकेदुखी
- डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि नजर अंधूक

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, खोकताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारी, आणि आठवड्यागणिक चढत जाणारी डोकेदुखीही लवकर दाखवावी. बाळंतिणीच्या बाबतीत विशेष सांगणं आहे. कानात कापूस आणि डोक्याला फडकं बांधून 'वारं लागलंय' म्हणत दिवस काढू नयेत. या काळात मेंदूतल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते आणि तिची पहिली तक्रार बहुधा डोकेदुखीच असते.

यातलं काहीच नसेल, दुखण्याची पद्धत ठरलेली असेल आणि तपासणीत नसा ठीक असतील, तर बहुतेकांना सीटी किंवा एमआरआयची गरज नसते. मायग्रेन त्या फोटोत दिसत नाही.

दुसरी पायरी: भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा

यासाठी मोबाइलचं अ‍ॅप लागत नाही. तिथी, एकादशी, उपवास छापलेलं मराठी कॅलेंडर घरात असतंच, आणि या कामाला ते अ‍ॅपपेक्षा सरस आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा आणि दोरीला पेन बांधा. डोकं दुखलं त्या दिवशी चौकटीत १ ते ३ आकडा लिहा: १ म्हणजे काम करता आलं, २ म्हणजे रेटून केलं, ३ म्हणजे अंथरूण धरलं. त्याच्याखाली घेतलेल्या प्रत्येक गोळीमागे एक टिंब. पाळीच्या दिवसांवर फुली. एवढंच. फार तपशील लिहायला घेतला की आठवड्यात कंटाळा येतो.

दोन महिने झाले की कॅलेंडर दूर धरून बघा. एका बाईच्या पानावर दोन्ही एकादशींना ३, प्रत्येकी तीन टिंबं, फुल्यांच्या आदल्या दिवशी २ आणि रविवारी १ असं दिसलं, तर उपवास, पाळी आणि उशिरा उठणं ही तिन्ही कारणं वेगळी विचारायची गरजच उरत नाही. डॉक्टरकडे जाताना पानांचा फोटो काढून न्या. पाच मिनिटांच्या ओपीडीत त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तिसरी पायरी: झटक्याला निमंत्रण देणाऱ्या गोष्टी

मायग्रेनचा मेंदू बदलाला नाखूश असतो. भूक, जागरण, जास्त झोप, ऊन, उग्र वास, ताण, आणि ताण संपल्यावरची पहिली सुट्टीसुद्धा. एका गोष्टीने बहुधा झटका येत नाही, दोन-तीन जुळून आल्या की येतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराची यात्रा घ्या: पहाटे उठणं, रिकामं पोट, टेम्पोतले हादरे, डोक्यावर ऊन आणि पाणी कमी. यातल्या दोन गोष्टी जरी टाळल्या, म्हणजे निघताना भाकरी खाल्ली आणि पाण्याची बाटली व टोपी घेतली, तरी दिवस निभावतो.

उपवास हे आपल्याकडचं मोठं कारण. उपवास सोडा असं सांगून कुणी सोडत नाही, आणि सोडायची गरजही नाही. निर्जळी मात्र करू नये. चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामं ठेवू नये. सकाळी नुसत्या चहावर न राहता शेंगदाणे, केळं, ताक, वरीचे तांदूळ असं काहीतरी आठ-नऊच्या आत पोटात जावं. नवरात्रात नऊ दिवस एकभुक्त राहणाऱ्यांनी तरी हे डॉक्टरांशी आधी बोलून ठरवावं.

चहाचं दुखणं वेगळं आहे. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचा एक वेळचा चहा चुकला की डोकं धरतं. दोन-तीन कपांवर यावं, पण आठवड्याला एक कप कमी करत, आणि वेळा रोज त्याच ठेवाव्यात.

कामाच्या जागेचं काय करायचं, हा कठीण प्रश्न. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला वास, वडगाव-खासबागमधल्या यंत्रमागांचा खडखडाट, उद्यमबागेतल्या फाउंड्रीची धग किंवा खानापूरकडे पावसाळ्यात ओल्या लाकडांचा चुलीचा धूर, यांतून पोट भरणाऱ्याला ते सोडायला सांगणं शहाणपणाचं नाही. तोंडा-नाकावर दोन पदरी कापड, कानात फोमचे बोळे, दर दोन तासांनी दहा मिनिटं बाहेरच्या हवेत आणि डबा वेळेवर, एवढं जमतं. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा गणपती विसर्जनाला डॉल्बीच्या भिंतीसमोर आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांत उभं राहणं मात्र टाळता येतं. ते टाळावंच.

खाण्याच्या लांबलचक पथ्याच्या याद्या मनावर घेऊ नका. कॅलेंडरवर तीनदा एकाच पदार्थानंतर झटका दिसला तरच तो सोडा.

चौथी पायरी: झटक्याची गोळी

दुखणं सौम्य असतानाच, पहिल्या तासाभरात गोळी घ्यायची. 'थोडं बघू, सहन होतंय' म्हणत संध्याकाळ केली की पोट मंदावलेलं असतं आणि गोळी वाया जाते. दुसरी चूक अर्ध्या गोळीची. अर्धी सकाळी, अर्धी दुपारी, या हिशेबाने झटका तुटत नाही आणि दिवसभरात औषध मात्र तेवढंच जातं.

प्रौढांसाठीच्या नेहमीच्या मात्रा अशा: पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, किंवा नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम. शेवटच्या दोन्ही काहीतरी खाऊन घ्याव्यात. अल्सर, किडनीचा विकार, हृदयविकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या घेऊ नयेत. अंगात ताप असेल आणि डेंग्यूची साथ असेल तर फक्त पॅरासिटामॉल. सोळा वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्यांची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

मळमळ होत असेल तर डॉमपेरिडोन १० मिलिग्रॅम वेदनाशामकासोबत किंवा थोडं आधी देतात. त्याने पोट पुढे सरकतं आणि गोळी लागू पडते. हृदयाची लय बिघडलेल्यांना ती चालत नाही. पित्ताच्या गोळीने मात्र मायग्रेन थांबत नाही.

एवढ्याने तीनपैकी दोन झटके आटोक्यात येत नसतील तर डॉक्टरांना ट्रिप्टान गटाबद्दल विचारा. सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम किंवा रिझाट्रिप्टान १० मिलिग्रॅम ही त्यातली नेहमीची औषधं. ती खास मायग्रेनसाठीच बनलेली आहेत. ऑरा असणाऱ्यांनी चकाकी दिसताना नव्हे, दुखायला लागताच घ्यायची. आराम पडून दुखणं परत उठलं तर दुसरी गोळी दोन तासांनंतर. पहिलीने काहीच फरक पडला नसेल तर त्याच झटक्यात दुसरी घेऊन उपयोग नाही. छातीत, गळ्यात थोडा वेळ आवळल्यासारखं वाटू शकतं. हृदयविकार, लकवा होऊन गेलेले आणि बीपी आटोक्यात नसलेले यांना हा गट वर्ज्य.

आता मेडिकलमध्ये 'अर्धशिशीची गोळी द्या' म्हटल्यावर बहुधा काय मिळतं ते पाहू. पट्टी उलटी करून वाचा. एर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटीचं औषध अशी चार नावं दिसली तर ती जुनी मिश्र गोळी आहे. एर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. गरोदरपणात ते अजिबात नको. ट्रिप्टान आणि ही गोळी २४ तासांच्या आत एकत्र येता कामा नये. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक चालू असताना घेतली तर हातापायांचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. शिवाय हिची सवय फार लवकर लागते. चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका. नाव नसलेल्या पुडीतली गोळीही नको, आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

गोळी घेतल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत पडावं. कपाळावर थंड पाण्याची घडी, घोट घोट पाणी, जमली तर झोप. डोकं फडक्याने आवळून बांधलं किंवा बाम लावला तर हरकत नाही. नाकात पाल्याचा रस पिळणं आणि कपाळाला डाग देणं मात्र बंद व्हायला हवं. रसाने नाकाची आतली त्वचा भाजते, डागाने जखम पिकते, आणि झटका त्याच्या वेळेनेच ओसरतो.

गोळीमुळेच डोकं दुखतं तेव्हा

महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, एर्गोटामिन वा मिश्र गोळ्या असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. उठल्या उठल्या डोकं जड, गोळीने दोन-तीन तास बरं, पुन्हा तेच. घरात 'हिला रोजची गोळी लागते' असं बोललं जातं, ती बाई बहुतेक इथे अडकलेली असते. तिला दोष देऊ नये. गोळी बंद करताना पहिले दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं, हे आधी माहीत असलं तर धीर टिकतो. साधी वेदनाशामकं एकदम थांबवता येतात. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या वर्गातली औषधं किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या. पुढे टिंबांचे दिवस आठवड्यात दोनच्या आत ठेवायचे.

पाचवी पायरी: रोजचं प्रतिबंधक औषध

महिन्यात चार किंवा जास्त दिवस जात असतील, किंवा झटके कमी असले तरी प्रत्येकी दोन-तीन दिवस आडवं करत असतील, तर रोज घ्यायचं औषध मागा. हे दुखणं थांबवणारं औषध नाही, झटक्यांची संख्या आणि जोर कमी करणारं आहे. प्रोप्रानोलॉल आणि अमिट्रिप्टिलिन ही जुनी, स्वस्त आणि भरवशाची औषधं. पहिलं दम्याच्या रुग्णाला चालत नाही. दुसरं १० मिलिग्रॅमपासून रात्री सुरू करतात. त्याने झोप लागते, तोंड कोरडं पडतं. अमिट्रिप्टिलिनच्या पट्टीवर नैराश्याचं औषध म्हणून माहिती दिसली की लोक घाबरून बंद करतात. मायग्रेनसाठीची मात्रा त्याहून बरीच कमी असते.

फ्लुनारिझिनने वजन वाढतं, सुस्ती येते आणि मन उदास होऊ शकतं. टोपिरामेटने वजन उतरतं, बोटांना मुंग्या येतात, शब्द पटकन आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी टोपिरामेट आणि सोडियम व्हॅलप्रोएट यांबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावं, कारण गर्भावर परिणाम होतो. सगळं करून जुनाट मायग्रेन हटत नसेल तर दर १२ आठवड्यांनी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि सीजीआरपीला अडवणारी महागडी इंजेक्शनं हे पर्याय मोठ्या शहरांतले न्यूरॉलॉजिस्ट देतात.

कुठलंही रोजचं औषध पुऱ्या मात्रेत दोन ते तीन महिने घेतल्याशिवाय निकाल ठरवू नये. दहा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणं, ही आपल्याकडची सर्रास चूक. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात. औषधाला योगाची जोड दिल्यास झटके आणखी कमी होतात, असं दिल्लीच्या एम्समधल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

बायकांसाठी आणखी एक महत्त्वाचं. ऑरा असलेल्यांनी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, लकव्याचा धोका वाढतो. पाळी पुढे ढकलायची किंवा नियमित करायची गोळी देतानाही 'डोळ्यांपुढे चकाकी येते' हे डॉक्टरांना सांगावं.

कुठे जायचं, काय सांगायचं

सुरुवात गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात करता येते. बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि डोळ्यांची तपासणी तिथे होते. पुढचं लागलं तर बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणी-चिकोडीकडचे लोक कोल्हापूरलाही जातात. समोरचे डॉक्टर किंवा सिस्टर कन्नडच बोलत असतील तर 'तलेनोवु' म्हणजे डोकेदुखी आणि 'वांती' म्हणजे उलटी, एवढे शब्द पुरतात. बाकीचं कॅलेंडर सांगतं. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि वजन कमी करायच्या पुड्यांसकट.

प्रतिबंधक औषधाने सहा महिने ते वर्षभर बरं राहिलं की ते थांबवण्याचा विचार होतो. तेव्हा एकदम बंद करू नका, विशेषतः प्रोप्रानोलॉल. मात्रा काही आठवडे टप्प्याटप्प्याने उतरवायची आणि तेवढे दिवस कॅलेंडरवरच्या खुणा चालू ठेवायच्या. आकडे पुन्हा चढायला लागले तर आधीच्या मात्रेवर परत यायचं.